केक सांभाळून आण रे

वाढदिवस घरातही साजरा करता येतो. घरात पंखा असतो, टेकायला खुर्ची असते आणि केक फ्रीजपासून टेबलापर्यंत आणला की काम झालं. आमच्या कंपूत ही गोष्ट फक्त मला सुचली, आणि सहा विरुद्ध एक मताने मी पडलो. सहांत माझी बायकोही होती.

झालं असं, की दोन-तीन महिन्यांच्या अंतरात आमच्यातल्या दोघांना पन्नास पूर्ण होत होती, एका जोडप्याच्या लग्नाला वीस वर्षं होत होती आणि आमच्या लग्नाला पंचवीस. चार तारखा, चार कार्यक्रम आणि चार वेळा ‘कोण कधी मोकळं आहे’ याची महाचर्चा. त्यापेक्षा एका रविवारी सगळं उरकून टाकू, इथपर्यंत मीही सोबत होतो. पण आमच्यातल्या एकाने नुकत्याच चालायच्या काठ्या विकत घेतल्या होत्या, आणि तेवढ्या भांडवलावर तो कुणी न निवडता आमचा लीडर झाला होता. तो म्हणाला, “डोंगरावर जाऊ.”

“का पण?” मी विचारलं.

“१९२३ साली मॅलरी नावाच्या इंग्रज गिर्यारोहकाला हेच विचारलं होतं. एव्हरेस्ट कशाला चढायचं? तो म्हणाला, कारण तो तिथे आहे.”

सगळे भारावले. १९२४ साली मॅलरीही तिथेच राहिला, हे त्याने सांगितलं नाही. ते मी घरी येऊन वाचलं, तोवर पैसे भरून झाले होते.

मग वेळेचा हिशेब झाला. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सूत्र घालून दिलंय म्हणे : ताशी पाच किलोमीटर चाल धरायची आणि दर ६०० मीटर चढाईमागे एक तास वाढवायचा. आमची वाट सहा किलोमीटरची, चढ ९०० मीटरचा. म्हणजे दोन तास बेचाळीस मिनिटं. “पावणेतीन धरा,” लीडर उदारपणे म्हणाला. आम्हाला पाच तास लागले. नेस्मिथच्या सूत्रात विश्रांती धरलेली नाही, फोटो धरलेले नाहीत, आणि त्याच्या हातात केक नव्हता.

केक माझ्या हातात होता. “तू सावकाश चालतोस, तुझ्याकडे नीट राहील,” असं एकमताने ठरलं. पंचवीस वर्षांत माझ्या कुठल्या गुणाचं एवढं कौतुक झालं नव्हतं. वितळेल या माझ्या शंकेवर लीडरकडे शास्त्र तयार होतं. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, तेव्हा माथ्यावर क्रीम उलट घट्टच होईल. शास्त्र बरोबर आहे. फक्त केकला त्या थंडीपर्यंत उन्हातून जावं लागतं, याचा विचार शास्त्राने करायचा नसतो.

हातात खोका घेऊन चढून बघा एकदा. पाय दिसत नाहीत. दगड आहे की खड्डा हे पायाला आधी कळतं, आपल्याला नंतर. कातळाशी आलो की प्रत्येक जण आधी खोका वर घ्यायचा आणि मग, आठवण झाली तर, मला. घसाऱ्यावर मी सरकलो तेव्हा मागून एकसाथ आरोळी आली, “केक!” माझं नाव कुणी घेतलं नाही. बायकोनेही नाही. नंतर ती म्हणाली, तू ओरडत होतास म्हणजे ठीक होतास, केक काय बोलणार?

साधारण निम्म्यावर माझ्या उजव्या बुटाने जबडा उघडला. बूट नवे होते. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी अशाच एका संकल्पापायी घेतलेले, पण दोनदाच वापरलेले. लीडरने बूट उलटा करून निदान सांगितलं. तळाचा मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो, हवेतल्या दमटपणाने तो आतल्या आत सुटत जातो. पायात घाला नाहीतर कपाटात ठेवा, त्याचं वय व्हायचं ते होतंच. यावर दोघे पन्नाशीवाले एकदम गप्प झाले.

दोरी कुणाकडेच नव्हती. बायकोने केकच्या खोक्याची सोनेरी फीत सोडली, बुटाला दोन वेढे दिले आणि वर सवयीने बो बांधला. पुढचा सगळा डोंगर मी भेटवस्तूसारख्या पायाने चढलो. वरून उतरणारे लोक आधी खोक्याकडे, मग बुटाकडे बघत आणि “हॅपी बर्थडे” म्हणत. सुरुवातीला मी “माझा नाही” असं सांगत होतो. मग तेवढाही दम उरला नाही.

डोंगरावर दोन गोष्टी खोट्या असतात. एक म्हणजे “आलंच, दहा मिनिटं” आणि दुसरी म्हणजे माथा. खालून माथा वाटतो तिथे पोचावं, तर पलीकडे खरा दिसतो, आणि त्याच्याही पलीकडे त्याचा थोरला भाऊ उभा असतो. अशा तीन माथ्यांवर मी मनातल्या मनात केक कापला. वीस वर्षांवाल्या जोडप्यात दुसऱ्या माथ्यापाशी भांडण झालं, ‘मी म्हटलं होतं डावीकडे’ या वाक्यावरून. ते फारसं मिटलं नाही. चढ संपल्यावर पुढे चालू करायचं, एवढंच ठरलं. पन्नाशीची मैत्रीण मात्र सगळ्यांच्या पुढे, गुणगुणत. तिचा कुणालाच अभिमान वाटत नव्हता.

शेवटी पोचलो. दृश्य सुंदर होतं, असं फोटोत दिसतं. मी उताणा पडलो होतो. फुगे काढले, पण फुगवायला कुणाच्याच छातीत हवा नव्हती. गंमत म्हणजे वेफर्सचा पुडा आपोआप टम्म फुगला होता. वर हवेचा दाब कमी, आत कोंडलेली हवा खालची. तोच मधे ठेवून आम्ही सजावट झाली असं जाहीर केलं.

खोका उघडला. केक पोचला होता, पण सगळा एका कोपऱ्यात, घाबरून बसल्यासारखा. नावं एकमेकांत मिसळून चौघांचं मिळून कुणीतरी पाचवंच निघालं होतं. वयं आणि लग्नं धरून बेरीज एकशे पंचेचाळीस होती, मेणबत्ती एकच आणली होती, आणि वाऱ्याने तीही पेटू दिली नाही. न पेटलेल्या मेणबत्तीवर दोघांनी फुंकर मारली. सुरी खालीच राहिली होती, चमचा एक. सात जणांत तो फिरवत आम्ही केक खाल्ला आणि खरं सांगतो, एवढा चांगला केक मी आजवर खाल्लेला नाही. हे लीडरला सांगायचं नाही.

“काय मागितलंस रे?” कुणीतरी पन्नाशीवाल्याला विचारलं.

“रोपवे.”

उतरताना दम लागत नाही म्हणून आधी बरं वाटतं. पण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच सगळा भार झेलत असतात, आणि त्याची वसुली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. मी तीन दिवस घरचा जिना कठडा धरून उलटा उतरलो. पण ते नंतरचं. त्या दिवशी उतारावर आधी फीत तुटली, मग उजव्या बुटाचा तळ सुटून आला, आणि जोडीदाराचा विरह सहन न होऊन अर्ध्या तासात डाव्याचाही. डोंगरावर कचरा टाकायचा नाही हा नियम. माझी सॅक भरलेली, हातात रिकामा खोका. मी दोन्ही तळ त्यात ठेवले आणि झाकण लावलं.

रात्री घरी पोचलो तेव्हा मुलगी जागीच होती. कसं झालं, किती चाललात, असलं काही तिने विचारलं नाही. सरळ माझ्या हातातला खोका घेतला, टेबलावर ठेवला, स्वयंपाकघरातून चमचा आणला आणि झाकण उघडलं. बराच वेळ आत बघत राहिली. एका तळाच्या कडेला थोडं क्रीम लागलं होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “हा कुठला फ्लेवर?”