परदेशातल्या नातवाचा दाखला नाशिक महापालिकेत मिळतो?

"मुलगा-सून भारतीय असतील तर परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद आता ऑनलाइन, नाशिक महापालिकेतच होते. वकिलातीत जायची गरज नाही, मुदत नाही. मृत्यूचंही तसंच." हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. आजी-आजोबांनी तो पुढे पाठवण्याआधी हे वाचावं.

महापालिकेत नोंद? निबंधक आपल्या हद्दीतल्याच जन्ममृत्यूंची नोंद घेतो. नोंदणीचं ऑनलाइन पोर्टल नवं झालं, हद्द तीच आहे. परदेशातला जन्म तिथल्या भारतीय वकिलातीत नोंदवायचा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम २० नुसार ती नोंद इथल्या नोंदीइतकीच वैध असते. शाळा 'महापालिकेचाच दाखला' मागत असेल तर हे कलम दाखवा.

'मुदत नाही' हे सगळ्यात घातक. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत वकिलातीत झाली नाही, तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्याला आईवडिलांमुळे मिळणारं भारतीय नागरिकत्व मिळत नाही. आणि वर्ष भुर्रकन जातं. हॉस्पिटलने दिलेला शोभेचा दाखला चालत नाही. आईवडिलांची नावं असलेला स्थानिक सरकारी दाखला लागतो. त्यातलं स्पेलिंग पासपोर्टशी जुळलं नाही की आधी दुरुस्ती. वकिलातीतल्या नोंदीचा अर्ज (नमुना १) ऑनलाइन भरला म्हणजे नोंद झाली, असंही नाही. प्रिंट, सह्या, कागदपत्रं वकिलातीत द्यावीच लागतात. शिवाय बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यावं लागतं. अमेरिकेत घाईने तिथला पासपोर्ट काढला, तर ही वाट बंद. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड.

मेसेजचा उगम बहुधा कलम २० च्या दुसऱ्या भागात असावा. वकिलातीत नोंद झाली नसेल आणि आईवडील कायमचे राहायला परतले असतील, तर बाळ भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथे नोंद करता येते. त्यानंतर उशिरा नोंदीची कलम १३ ची प्रक्रिया. पण त्यातून जन्मदाखला मिळतो, नागरिकत्व नव्हे.

मृत्यूचं पाहू. दुबईत निधन झालं आणि अंत्यसंस्कार नाशिकच्या अमरधाममध्ये झाले, तरी महापालिका मृत्यूदाखला देऊ शकत नाही. पार्थिव आणण्यासाठी स्थानिक मृत्यूदाखला, एम्बाल्मिंगचं (पार्थिव टिकवण्याच्या प्रक्रियेचं) प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि वकिलातीची एनओसी लागते. एनओसी मागतानाच मृत्यूची नोंदही मागा. ते वेगळं काम आहे आणि गडबडीत तेच राहून जातं. बँक किंवा सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीसाठी परदेशी दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा करारातल्या देशांत चालणारा सरकारी शिक्का, घ्या. तो देश अपोस्टिल करारात नसेल तर तिथलं परराष्ट्र खातं आणि मग भारतीय वकिलात, या क्रमाने शिक्के. दाखला अरबीत असेल तर प्रमाणित भाषांतरही तिथूनच करून आणा.