माणूस गेला, खातं तसंच

गेल्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. आवाज कापत होता. दीड वर्षापूर्वी आमच्याकडचा राजीनामा देऊन ठाण्याला नोकरीला लागलेला माणूस. "अगं, माझ्या नावानं पगाराच्या शीट उघडल्यात म्हणे कुणीतरी. मला विचारताहेत. मला तर पासवर्डसुद्धा आठवत नाही!"

त्याचं ऑफिसचं लॉगिन खातं चालूच होतं. शेवटच्या दिवशी केक कापला, फोटो काढले, लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा झालं. खातं बंद करायचं एचआरनं कळवलं नाही आणि ही खाती सांभाळणारी ॲडमिन असून मीही विचारलं नाही. लॉग तपासून त्याचं नाव मोकळं व्हायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत त्याच्या घरात काय झालं असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

"लगेच नको बंद करू, बरं दिसत नाही," असं साहेब लोक सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. उघडं खातं गेलेल्या माणसाच्याच गळ्याशी येतं. कंपनीच्याही येतं म्हणा. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतली इंधन वाहून नेणारी कोलोनियल पाइपलाइन बंद पडून पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा चोर शिरले होते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायचा रस्ता) खात्यातून. त्याला फक्त पासवर्ड होता, ओटीपीसारखं दुसरं कुलूप नव्हतं.

डिलीटची घाई मात्र करू नका. गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेलं खातं २० दिवसांपर्यंतच परत आणता येतं, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३०. आधी सस्पेंड करा, म्हणजे खातं न पुसता फक्त लॉगिन थांबवा. त्यानं शेअर केलेल्या फाइली बाकीच्यांना उघडत राहतात, काम अडत नाही. मग सावकाश फाइलींची मालकी दुसऱ्याच्या नावावर करा.

खरा गुंता ग्रुपांचा, म्हणजे एकत्र परवानगी द्यायला केलेल्या नावांच्या याद्यांचा आहे. अकाउंट्समधली मुलगी परचेसला गेली की नव्या ग्रुपमध्ये नाव पडतं, जुन्यातून कुणी काढत नाही. काही वर्षांत तिच्याकडे अख्ख्या ऑफिसच्या किल्ल्या जमतात, आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. त्याहून वाईट म्हणजे थेट माणसाच्या नावानं दिलेला ॲक्सेस. लॉकडाऊनमध्ये विरार-डोंबिवलीहून काम करणाऱ्यांना आम्ही घाईघाईत त्यांच्या स्वतःच्या जीमेलवर शीट शेअर केल्या. ऑफिसचं खातं बंद केलं, ग्रुपमधून नाव काढलं, तरी ते जीमेल त्या शीटवर तसंच राहतं. म्हणून परवानगी ग्रुपलाच द्या, माणसाला नको. आणि ग्रुपमध्ये कोण हवं, कोण नको हे त्या विभागाच्या प्रमुखानं दर तीन महिन्यांनी सांगावं. ॲडमिनला ते एकट्यानं कळणं शक्य नाही.

नोकरी सोडताना भरायच्या आमच्या नो-ड्यूज फॉर्मवर ओळखपत्राच्या खाली आता एक रकाना वाढवून घेतलाय: खातं बंद केल्याची तारीख आणि वेळ. त्यावर माझी सही असल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.