२२ जीबीच्या बॅकअपला नवी डिस्क कशाला? या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देताना तुम्ही लिहिलंय की बॅकअप २२ जीबीचा, डी ड्राइव्हवर १४० जीबी मोकळे, तरी आम्ही ५०० जीबीची एसएसडी गळ्यात मारली. रिस्टोर, म्हणजे बॅकअपवरून डेटाबेस पुन्हा उभा करणं, शून्य टक्क्यांवरच अडकलं. आणि अंबडच्या कारखान्याचं बिलिंग दिवसभर ठप्प झालं.

जागेचा हिशोब २२ जीबीवरून होत नाही. एसक्यूएल सर्व्हर (तुमचा डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) बॅकअपमध्ये डेटा फाइलची फक्त वापरातली पानं घेतो आणि कॉम्प्रेशन चालू असेल तर तीही कॉम्प्रेस करून. रिस्टोरला मात्र प्रत्येक फाइल बॅकअपच्या वेळी होती तेवढीच्या तेवढी उभी करतो, आतून रिकामी असली तरी. किती जागा लागणार ते ‘रिस्टोर फाइललिस्टओन्ली’ ही कमांड आधीच दाखवते. तुमच्या फाइलवर आलेलं उत्तर: एमडीएफ (डेटा फाइल) ९६ जीबी, एलडीएफ (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी लॉग फाइल) ११८ जीबी. एकूण २१४. तुमच्या ऑपरेटरला येणारी एरर ३२५७ हेच सांगत होती. किती बाइट हव्यात, किती शिल्लक आहेत, दोन्ही आकडे त्यातच असतात, वाचतं कोण!

डेटापेक्षा लॉग मोठा कसा? रिकव्हरी मॉडेल फुल (म्हणजे लॉग बॅकअप होईपर्यंत लॉगमधल्या नोंदी तशाच राहतात), रोज रात्री फुल बॅकअप आणि लॉग बॅकअप एकदाही नाही. फुल बॅकअपने लॉगमधली जागा मोकळी होत नाही, हे भल्याभल्यांना ठाऊक नसतं. जुना सर्व्हर चालू असता तर लॉग बॅकअप घेऊन फाइल श्रिंक (लहान) केली असती, नवा बॅकअप काढला असता आणि डिस्क लागलीच नसती. पण तो बंद पडलेला, आणि बॅकअपच्या फाइलमधला लॉग ना लहान करता येतो ना वगळता. म्हणून ‘विथ मूव्ह’ (कुठली फाइल कुठे ठेवायची ते सांगणारा पर्याय) देऊन एमडीएफ डी ड्राइव्हवर आणि एलडीएफ एसएसडीवर टाकली. रिस्टोरनंतर लॉग ४ जीबीवर आणून तोही डी ड्राइव्हवर हलवला.

शून्य टक्क्यांचं म्हणाल तर लॉग फाइल आधी पूर्ण शून्यांनी भरली जाते. ते ११८ जीबी लिहून होईपर्यंत आकडा हलत नाही. एसक्यूएल सर्व्हर ज्या विंडोज खात्यावर चालतो त्या सर्व्हिस अकाउंटला ‘परफॉर्म व्हॉल्यूम मेंटेनन्स टास्क्स’चा हक्क दिला की डेटा फाइलचा हा वेळ वाचतो, लॉगचा नाही. तुमच्याकडे हँग झालं समजून मधेच कॅन्सल केलं गेलं. डेटाबेस ‘रिस्टोरिंग’ या अर्धवट, न उघडणाऱ्या अवस्थेत राहिला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. दिवस गेला तो तिथे.

एसएसडी आता रिकामी आहे. नको असेल तर बिलासह आणून द्या, पैसे परत मिळतील. आमचं मत विचाराल तर ठेवा, कारण तुमचा रोजचा बॅकअप अजून डेटाबेसच्याच ड्राइव्हवर पडतोय. तो एसएसडीवर वळवा.

लॉग बॅकअपचा जॉब (आपोआप चालणारं काम) दर अर्ध्या तासाला लावलाय. लॉग पुन्हा फुगताना दिसला तर श्रिंक करत बसू नका. आधी तो जॉब फेल होतोय का ते बघा.