सोलर असूनही ऑफिसात अंधार का?

"सरकारी कार्यालयाच्या छतावर पॅनेल आहेत, तरी लाइट गेली की अंधार, म्हणजे सोलर बोगस," असा मेसेज सांगलीत फिरतोय. अंधार खरा, निष्कर्ष चुकीचा.

ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) लाइन गेली की मुद्दाम बंद होतो. नाहीतर छतावरची वीज उलटी तारेत शिरून खांबावरच्या वायरमनला शॉक बसेल. दिवे हवेतच, तर बॅटरी आणि हायब्रिड, म्हणजे ग्रिड नसताना बॅटरीवरही चालणारा, इन्व्हर्टर लागतो. खर्च अर्थातच वाढतो.

1 किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर छत लागतं, चांगल्या उन्हात दिवसाला 4 युनिट मिळतात. गळीत हंगामात कारखान्याची काजळी काचेवर बसली की उत्पादन घटतं. पॅनेल सकाळी लवकर धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो. आणि बिल शून्य? स्थिर आकार तरी भरावाच लागतो.