‘वहीचे स्तोम’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

लोकसंगीताच्या क्षेत्रकार्याविषयीच्या माझ्या लेखात, नवख्या अभ्यासकाने पहिल्या रात्री मोबाइल पिशवीत ठेवावा आणि वहीत टिपणे काढावीत, असे मी सुचवले होते. त्यावर आपण लिहिता, ‘मोबाइलच्या काळात वहीचे स्तोम माजवणे म्हणजे आळशी स्मरणरंजन आहे; लेखिकेला मांडाचा गंध नाही.’ (मांड म्हणजे गावातली लोकगीते-नृत्ये होण्याची ठरलेली जागा.) मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु जिच्याशी परिचय नाही तिला ‘आळशी’ ठरवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हे कळत नाही. टोपणनावाच्या आडून बोलणाऱ्याने निदान भाषा तरी सांभाळावी.

एक गोष्ट मान्य करते. चाल आणि शब्द नेमके हाती लागण्यासाठी ध्वनिमुद्रणाला पर्याय नाही, आणि त्यासाठी मी लेखात एकच ओळ खर्च केली होती.

आता ‘स्तोमा’कडे येते. घुमट हे गोव्याचे तालवाद्य आपण जवळून पाहिले आहे का, हे प्रतिक्रियेवरून समजत नाही. या मातीच्या भांड्याचे मोठे तोंड चामड्याने मढवलेले असते आणि धाकटे उघडे असते. उजव्या हाताची थाप सर्वांना दिसते. पण डावा तळवा धाकट्या तोंडावर कधी टेकतो आणि कधी उचलला जातो, यावर नादाचा घुमारा ठरतो, आणि समोरून घेतलेल्या चित्रफितीत नेमका तोच तळवा भांड्याआड जातो. शिवाय मोबाइल आवाजाची पातळी आपोआप सारखी करू पाहतो, मोठी थाप दाबतो, बारीक आवाज वर उचलतो. त्यामुळे वादकाने मुद्दाम राखलेला जोराचा फरकच मुद्रणात सपाट होतो. अशा वेळी वादकाशेजारी बसून लिहिलेल्या चार ओळी कामी येतात. चामडे कशाचे (परंपरेने ते घोरपडीचे असे), हेही विचारूनच कळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिल्यापासून हा प्रश्न नाजूक झाला आहे, आणि कॅमेरा रोखून तो विचारला तर जुना वादक तोंड उघडणार नाही. (उघडूही नये, असे मला वाटते.)

धालो या गोव्यातल्या बायकांच्या गीतनृत्याचे तर विचारूच नका. पौषातल्या रात्री बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग ओळ म्हणते, दुसरी ती उचलते. ओळ प्रथम कोणाच्या तोंडून निघते, कोण केवळ ओठ हलवते, कोणाला पाहून कोण रांग सोडते, हे मोबाइलच्या चौकटीत मावत नाही. राहिला गंधाचा प्रश्न. माझी आजी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मांडावर गायची आणि मीही परकर सावरत त्याच रांगेत पाय टाकायला शिकले, तेव्हा आपले ते वाक्य साभार परत करते. माझ्या लहानपणी बाहेरचे एक पथक मोठे दिवे लावून धालो मुद्रित करून गेले. त्या रात्री आजीने आणि तिच्या जोडीणींनी टवाळीची सगळी कडवी गाळली. ते मुद्रण आज ऐकणारा अभ्यासक, आमच्या गावात तशी कडवी नव्हतीच, असे बिनदिक्कत लिहून मोकळा होईल. त्या रात्री काय गाळले गेले याची नोंद कोणाच्या वहीत असती, तर ही वेळ आली नसती.

आपण दिलेला अमेरिकन संगीत-अभ्यासक मॅन्टल हूड यांचा दाखला तर माझ्याच बाजूचा आहे. १९६० साली त्यांनी ‘द्वि-सांगीतिकता’ मांडली, म्हणजे परक्या संगीताच्या अभ्यासकाने ते स्वतः गायला-वाजवायला शिकावे, असा आग्रह धरला. दाखला देण्यापूर्वी तो वाचण्याची पद्धत आमच्याकडे आहे.

परवानगीपत्र, मुद्रणांचे जतन आणि संदर्भसूची हे आपले उरलेले मुद्दे लेखाच्या कक्षेबाहेरचे होते. त्यांत शिरत नाही.

पुढच्या पौषात मांडावर येणार असाल, तर आधी गावात विचारून या. पुरुषांना धालोत भाग घेता येत नाही, बाजूला बसावे लागते. वही मात्र उघडता येते. यापुढील उत्तर खऱ्या नावाने आलेल्या प्रतिक्रियेलाच देईन.