त्या दगडांना हात लावू नका

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने कंपाउंडमागच्या दगडांचा फोटो टाकला. ‘हे उचलले तर दहा गाड्यांचं पार्किंग होईल.’ खाली अंगठ्यांची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

ते नुसते दगड नाहीत हो. खारघरच्या डोंगराखालच्या पाड्याची माणसं आहेत ती.

गेटवर शेवळं, टाकळा, कंटोळी घेऊन बसणारी कातकरी आजी आठवते? तिला तिथेच पुरलंय. मी गेले होते. मुलाने उशाशी दगड लावला, कोरा. नाव नाही घालायचं, मी विचारलं. “कशाला ताई, आमाला ठावं हाय ना.”

मग मोजणीवाले आले. इथे तुमचं काय आहे, कागद दाखवा म्हणाले. ते गेल्यावर त्याने दगडाला चुना फासला आणि माझ्या मुलाकडून निळ्या रंगात आईचं नाव लिहून घेतलं. घरच्यांना त्या अक्षरांची गरजच नव्हती. ती साहेबांसाठी होती.

झारखंडातले मुंडा पूर्वजांच्या अस्थींवर शिळा ठेवतात. ससनदिरी म्हणतात तिला. हाच आमच्या जमिनीचा पट्टा, असं ते इंग्रजांच्या काळापासून सांगत आलेत. कुणी ऐकलं? शेवटी २०१७-१८ मध्ये खुंटी जिल्ह्यात गावोगाव हिरव्या शिळा उभ्या राहिल्या. त्यांच्यावर संविधानातली आदिवासी भागांसाठीची पाचवी अनुसूची, तिथल्या ग्रामसभांना हक्क देणारा १९९६ चा पेसा कायदा, ग्रामसभेचे अधिकार. दिकूंना, म्हणजे तुम्हाआम्हाला, वाचता यावं म्हणून! तर राजद्रोहाचे गुन्हे लागले. डिसेंबर २०१९ मध्ये सरकार बदललं, तेव्हा कुठे ते मागे घ्यायचं ठरलं. हो, तिथे आंदोलकांनी पोलिसांना उचलून नेलं, ते चूकच. पण संविधानातली कलमं दगडावर कोरली की राजद्रोह?

आणि दगड उचला, हे आपण बोलायचं? १९८४ साली उरणजवळच्या जासईच्या शेतकरी लढ्यात सिडकोने घेतलेल्या जमिनीसाठी पाच जण गेले, त्यांच्या स्मारकापुढे आपण दर जानेवारीत हात जोडतो. आपले मेलेले हुतात्मे आणि पाड्यावरचे मेलेले अडगळ?

पार्किंगचा त्रास खरा आहे, मान्य. मीही रात्री दोन फेऱ्या मारते.

आजीचं नाव रेशनकार्डावर चुकीचं होतं. दगडावर माझ्या मुलाने तिच्या लेकाला तीनदा विचारून बरोबर लिहिलं. दोन पावसाळ्यांत रंग उडालाय, फोटोत ते नाव दिसतच नाही. रविवारी सकाळी आम्ही ब्रश घेऊन जातोय. ज्याने फोटो टाकला त्यानेही यावं, मी ओळख करून देईन.