चामडं नाही, एवढ्यानं पर्स ‘व्हीगन’ होत नाही

घरबसल्या व्यवसाय शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं सार असं: व्हीगन लेदर (म्हणजे प्राण्यांपासून काहीही न घेतलेलं, चामड्यासारखं दिसणारं साहित्य) आणा, ओळखीच्या कारागिराकडून पर्स, पाकिटं, पट्टे शिवून घ्या आणि वर ‘इको-फ्रेंडली’ लिहा. माल नैसर्गिक, चामड्याइतकाच टिकाऊ, शिलाई नेहमीचीच, प्राणी मेलेला नाही, आणि परवानगीची भानगड नाही. प्राण्याला न दुखवता वस्तू बनवावी हा त्यामागचा हेतू आम्हाला मनापासून पटतो. पण या मजकुराच्या भरवशावर पैसे घालणारा माणूस पहिल्याच पावसाळ्यात अडचणीत येतो, म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

“व्हीगन लेदर नैसर्गिक असतं”

या नावानं बाजारात जे मिळतं ते बहुतेक पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पीव्हीसी. पीव्हीसी म्हणजे आपलं जुनं रेक्झिन. दोन्हींत खाली कापड आणि वर प्लास्टिकचा थर. अननसाच्या पानांपासूनचं पिनाटेक्स खरोखर पानांच्या तंतूंचं आहे, 1 चौरस मीटरला सुमारे 480 पानं लागतात. पण वरचा लेप कृत्रिम राळेचा असल्यामुळे ते मातीत पुरून कुजत नाही. मेक्सिकोच्या डेसेर्तोत निवडुंग असतो, तसंच पॉलियुरेथेनही असतं. केरळातलं ‘मलाई’ मात्र नारळाच्या पाण्यावर जिवाणूंनी तयार केलेल्या सेल्युलोजचं, प्लास्टिकविना बनतं. बुचाच्या झाडाची साल दर 9 वर्षांनी काढतात आणि झाड उभंच राहतं, त्यामुळे बूच चांगला पर्याय आहे. फक्त ती पातळ साल कोणत्या कापडावर आणि कशानं चिकटवली आहे ते विचारावं.

पीयूच्या भावात पीव्हीसी गळ्यात मारला जातोय का, हे ओळखायची जुनी चाचणी आहे. तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, तुकड्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. हे उघड्या हवेत आणि नखाएवढ्या तुकड्यावरच करा, धूर घातक असतो.

“चामडं वापरलं नाही की झालं व्हीगन”

सगळ्यात जास्त माणसं इथं फसतात, आणि तीही प्रामाणिक माणसं. पैठणीच्या काठाची पर्स घ्या. चामड्याचा कणही नाही, पण काठ अस्सल रेशमाचा असेल तर त्यासाठी कोशातला किडा जिवंत उकळलेला असतो. जुन्या साड्यांपासून शिवलेल्या बटव्यांचंही तेच: नवा किडा मारला नाही, पुनर्वापर झाला, हे सगळं चांगलं, पण ‘व्हीगन’ हा शब्द तिथं चालत नाही. खणाच्या पर्स सध्या जोरात आहेत. पारंपरिक गुळेदगुड्डच्या खणात रेशीम असतं आणि बाजारातल्या स्वस्त खणात बहुधा कृत्रिम धागा. दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर विसंबू नका, उभा-आडवा दोन्ही धागे सुटे काढून जाळून पाहा. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

मग उरतात न दिसणाऱ्या गोष्टी. पाणी न शोषणारं मेणकापड म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅनव्हासमध्ये मधमाशीचं मेण असू शकतं; भाताच्या कोंड्याचं किंवा कँडेलिला या झुडपाचं मेण मागा. हातशिलाईच्या धाग्यावरही मधमाशीचं मेण ओढलेलं असतं. पुठ्ठा चिकटवायला काही जण अजून सरस वापरतात, तो हाडा-कातड्यांचा. बटण शिंपल्याचं किंवा शिंगाचं, झुमक्यातला मोती, तळाचा लोकरी फेल्ट, चन्नपट्टणच्या लाकडी मण्यांवरची लाख (ती कीटकापासून मिळते), लाल रंगातलं कार्माइन (तेही कीटकाचंच): प्रत्येक भागासाठी पुरवठादाराकडून लेखी उत्तर घ्या. एका साध्या पर्सचे भाग मोजले तरी बाहेरचं कापड, अस्तर, मधला कडक थर, धागा, गोंद, कडेचा रंग, चेन, कड्या, बटण आणि लेबल असे दहा होतात. दहांपैकी एकाचं उत्तर आलं नाही तर ‘व्हीगन’ हा शब्द छापू नका.

“चामड्याइतकंच टिकतं”

जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या फिल्क या चामडं-प्लास्टिकवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं 2021 मध्ये चामडं आणि त्याचे पर्याय शेजारी ठेवून तपासले. चामड्याचे सगळे गुण एकत्र असलेला पर्याय त्यात सापडला नाही.

आपल्याकडे खरा शत्रू दमट हवा. गणपतीत कपाटातून काढलेली पर्स हातात घ्यावी आणि काळे पापुद्रे साडीवर पडावेत, हे अनेकांनी पाहिलंय. पर्स वापरलेली नसते, तरी असं होतं, कारण हवेतल्या ओलाव्यानं पीयूच्या रेणूंची साखळी तुटत जाते. पॉलिएस्टर जातीच्या पीयूत हे लवकर घडतं. पॉलिकार्बोनेट जातीचं पीयू जास्त टिकतं आणि महागही पडतं. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: 70 अंश सेल्सिअस आणि 95 टक्के आर्द्रतेत हा माल किती आठवडे तगला, त्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आहे का? अहवाल नसेल तर कोकणात आणि मुंबईत विकायचा माल त्यात शिवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सुरुवात जाड सुती कॅनव्हासनं करावी. 12 औंसाचं म्हणजे साधारण 407 ग्रॅम प्रति चौरस मीटरचं कापड रोजच्या पर्सला पुरतं. त्याला बुरशी येऊ शकते, पण ते धुता येतं, उसवून पुन्हा शिवता येतं.

“शिलाई नेहमीचीच, साधं मशीन पुरे”

लेप असलेल्या कापडावर घरगुती मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा पाय) चिकटतो आणि टाके वेडेवाकडे पडतात. टेफ्लॉनचा फूट तरी लावा. चार थर असतील तिथं वॉकिंग फूटचं, म्हणजे वरचा थरही पुढे सरकवणारं मशीन लागतंच. टाका 3 ते 3.5 मिलिमीटरचा ठेवा. मजबुतीच्या समजुतीनं 2 मिलिमीटरचा घातला, तर भोकांची ओळ पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते आणि बंदाच्या मुळाशी पर्स त्याच रेषेवर फाटते. टाचण्या लावू नका, भोक बुजत नाही. चिमटे किंवा 6 मिलिमीटरची दुहेरी चिकटपट्टी वापरा.

कोरा कॅनव्हास कापण्याआधी 50 गुणिले 50 सेंटिमीटरचा चौकोन आखा, रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा, पुन्हा मोजा. बाजू 46.5 भरली तर आटण 7 टक्के. हे न करता शिवलेली पर्स पहिल्या धुण्यात अस्तरापेक्षा लहान होते आणि तोंडाशी चुण्या पडतात.

कापणीचा हिशेबही पाहा. 35 रुंद, 30 उंच, 10 तळाच्या पर्सला 47 गुणिले 39 सेंटिमीटरचे दोन तुकडे लागतात आणि बंद सुती पट्टीचे. 137 सेंटिमीटर पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) तुकडे आडवे फिरवले तर एका ओळीत तीन बसतात, 100 पर्सना साडेएकतीस मीटर कापड लागतं. सरळ लावले तर दोनच बसतात आणि 39 मीटर लागतं. मजकूर लिहिणारा पहिला आकडा धरेल. पण मग पर्सचं वजन आडव्या धाग्यावर येतं आणि भरलेली पर्स खाली ओघळते. उभा धागा उभाच ठेवा. कडेला उरणाऱ्या 43 सेंटिमीटरच्या पट्टीत आतला खिसा आणि मोबाइलची पिशवी निघते.

“प्राणी मेला नाही म्हणजे नैतिक”

शिवणारा माणूस या वाक्यात कुठंच नाही. मजुरी नगावर ठरते, आणि नग किती होतील ते काम देणारा मनानं धरतो. पर्सला 45 मिनिटं लागत असतील, तर आठ तासांच्या 480 मिनिटांना 45 नं भागून रोज 10 पर्स धरल्या जातात. बॉबिन भरणं, सुई बदलणं, वीज जाणं, पाठ टेकणं यात तास जातो. उरलेल्या 420 मिनिटांत 9 होतात. तुमच्या भागातलं किमान वेतन 9 नं भागा, त्याखाली दर नेऊ नका, आणि तुमच्या नमुन्यातल्या चुकीमुळे उसवावं लागलं तर त्याचे वेगळे पैसे द्या. गोंदाचंही पाहा: पोटमाळ्यावर टोल्युइन या उग्र द्रावकाचं सोल्युशन लावणाऱ्याचं डोकं दिवसभर दुखतं. पाण्यावर आधारित गोंद पावसाळ्यात सावकाश वाळतो. त्याचा पांढरा थर पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबा, घाई केली की थर सुटतो. तेवढा वेळ किमतीत धरा.

“परवानगी लागत नाही”

परवानगी लागत नाही, पुरावा लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे शब्द मोघम वापरता येत नाहीत. दावा पूर्ण वस्तूचा, एखाद्या भागाचा की वेष्टनाचा, तेही सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं हिरवं व्हीगन चिन्ह खाद्यपदार्थांसाठी आहे, ते पर्सवर छापू नका. इटलीला माल पाठवायचा असेल तर ‘व्हीगन लेदर’ हे शब्दच नकोत. 2020 च्या तिथल्या कायद्यानुसार चामडं हा शब्द प्राण्याच्या कातड्यालाच लागतो.

लेबल असं असावं: “बाहेर आणि अस्तर: सुती कापड. धागा: पॉलिएस्टर. कडक थर: पुनर्वापरातलं प्लास्टिक. चेन: पितळी, 5 नंबर. गोंद: पाण्यावर आधारित. रेशीम, लोकर, मधमाशीचं मेण, सरस यांपैकी काही नाही. थंड पाण्यात हातानं धुवा. रनर बिघडला तर 5 नंबरचा पितळी रनर मागा, चेन बदलायची गरज नाही.”